सिकूचा एक्कावन्नावा गुण

संगीत ही मानवजातीला मिळालेली फार मोठी देणगी आहे. तिच्यात एकच उणीव होती, ती म्हणजे तिला गुण देता येत नसत. हजारो वर्षं माणसं गात होती, वाजवत होती आणि ऐकणारे 'वा' म्हणत होते. 'वा' म्हणजे शंभरपैकी किती, हे कुणी विचारलं नाही. इतक्या ढिसाळ कारभारात संगीत टिकलं कसं, याचं मला खरोखर नवल वाटतं.

आमच्या हाचकाला गावात तर परिस्थिती आणखीनच मागासलेली होती. पोरगं चांगलं वाजवतं की वाईट, हे ठरवायच्या आमच्याकडे तीनच पद्धती होत्या. म्हातारी माणसं नाचायला उठली तर चांगलं. लामा कान पाडून टेकडीपलीकडे चालू लागले तर वाईट. (लामा म्हणजे उंच मानेचं लोकरी जनावर. संगीतात त्याचं मत फार ठाम असतं.) आणि या दोन्हींचा निर्णय लागला नाही, तर नीएवेस बाईंच्या तोंडाकडे बघायचं.

नीएवेस तार्की या आमच्या शाळेच्या संगीतशिक्षिका. त्या सिकू शिकवतात. सिकू म्हणजे वेताच्या नळ्या ओळीनं बांधून केलेलं फुंकवाद्य. त्याची तऱ्हा अशी, की एका सिकूत सगळे सूर नसतात. निम्मे एकात, निम्मे दुसऱ्यात. पहिल्याला इरा म्हणतात, दुसऱ्याला अर्का. एक सूर इरानं फुंकायचा, पुढचा अर्कानं, त्यापुढचा पुन्हा इरानं, आणि दोघांची मिळून एक चाल होते. एकट्यानं सिकू वाजवणं म्हणजे एकट्यानं फुगडी घालणं. चक्कर येते, पण फुगडी होत नाही.

पूर्वजांनी वाद्याचे असे दोन तुकडे का केले? बाई म्हणतात, एकाच माणसाला सगळे सूर दिले की तो डोक्यावर बसतो. आमच्या माजी महापौरांकडे पाहिलं की हे पटतं.

जोडी जमली की ती आयुष्यभराची. दोन्ही घरांनी पाव, बिअर आणि चघळायची कोकाची पानं घेऊन एकमेकांकडे जायचं, एकत्र खायचं आणि त्या दिवसापासून नातेवाईक व्हायचं. आमच्याकडे लग्नं मोडतात, पतपेढ्या मोडतात, सिकूची जोडी मोडलेली मी पाहिली नव्हती. माझी मुलगी सेनोबिया इरा वाजवते. तिची अर्का लिडिया, म्हणजे दोन्या बासिलिया पाकोसिल्यो यांची मुलगी. (दोन्या म्हणजे बाईसाहेब.) दोन्या बासिलिया शाळा समितीच्या अध्यक्ष आणि मी, एलेउतेरियो चोके, चिटणीस. पदं अशी विभागली आहेत, की बोलायचं त्यांनी आणि निस्तरायचं मी.

अशा अंधारात आमच्यापर्यंत 'आर्मोनिया' पोचलं.

'आर्मोनिया' हा राष्ट्रीय नाद-शिक्षण आधुनिकीकरण मंडळाचा संगणकी कार्यक्रम. प्रत्येक विद्यार्थ्याला एक टॅबलेट. विद्यार्थ्यानं त्याच्यापुढे बसून वाजवायचं, टॅबलेटनं ते इंटरनेटवरून राजधानीला, ला पासला पाठवायचं, आणि तिथल्या यंत्रानं क्षणात गुण द्यायचे. मानवी हस्तक्षेप नाही, वशिला नाही, लामा नाही. मंडळाच्या माहितीपत्रकानुसार यामुळे संगीताची समज त्र्याऐंशी टक्क्यांनी वाढते आणि संगीतशिक्षकाची गरज ऐंशी टक्क्यांनी कमी होते. (उरलेल्या वीस टक्के शिक्षकानं टॅबलेट चार्ज करायचा.)

टॅबलेटची खोकी आली तेव्हा आम्ही रीतीप्रमाणे त्यांच्यावर रंगीत कागदाचे कपटे उधळले आणि बिअर शिंपडली. नवी वस्तू घरात आली की आधी तिला आणि धरणीला पाजायचं, मग आपण प्यायचं, ही आमच्याकडची पद्धत. तीन टॅबलेट जागच्या जागी गेले. मंडळाच्या दप्तरात त्याचं कारण 'डोंगरी हवामान' असं लागलं आहे. मंडळानं ते बदलून दिले, हेही इथे कृतज्ञतेनं नमूद करतो.

इंटरनेट आमच्या गावात एकाच ठिकाणी येतं, कबरस्तानाच्या भिंतीपाशी. त्यामुळे पहिली परीक्षा तिथेच झाली. श्रोत्यांची शिस्त वाखाणण्याजोगी होती. एकेका विद्यार्थ्यानं येऊन, भिंतीला पाठ लावून, एकट्यानं सिकू वाजवला. मंडळाचा नियमच तसा होता, 'परीक्षार्थी एकटा असावा. शेजारच्याची मदत घेणं ही कॉपी समजली जाईल.'

चोवीस मुलं बसली. चोवीसही मुलांना पन्नास गुण मिळाले.

यंत्राची चूक नव्हती. यंत्राला पूर्ण चाल माहीत होती. प्रत्येक मुलानं तिच्यातला निम्मा भाग अगदी बिनचूक वाजवला. निकालाखाली शेराही होता, 'विद्यार्थी एक सूर सोडून एक सूर विसरतो. आहारात पालेभाज्या वाढवाव्यात.' आमच्या देशात उत्तीर्ण व्हायला एक्कावन्न लागतात. म्हणजे सबंध वर्ग एकेका गुणानं नापास झाला. इतकी समानता मी आजवर फक्त भाषणांत ऐकली होती.

वाईट एवढंच, की त्याच माहितीपत्रकात मागल्या पानावर एक कलम होतं. वर्षअखेर निम्म्याहून जास्त वर्ग नापास झाला, तर संगीतशिक्षकाचं पद बंद करून शिक्षकाला 'अधिक गरजेच्या प्रदेशात' हलवावं. अधिक गरजेचा प्रदेश म्हणजे खालचं बेनीचं जंगल, जिथे सिकूचा वेत आठवडाभरात बुरशीनं हिरवा होतो आणि नीएवेस बाईही झाल्या असत्या.

"एलेउतेरियो," बाई मला म्हणाल्या, "त्या खोक्यांपुढे आधुनिकतेवर भाषण कुणी ठोकलं होतं?"

"मीच, बाई."

"छान. आता त्याच तोंडानं मला वाचवा. मी बेनीला जाणार नाही. मला डास चावला तरी ताप येतो, आणि इथली ही पोरं अजून अर्धीच शिकून झालीत."

मला मनापासून वाईट वाटलं. बाईंनी मलाही शिकवलं आहे. म्हणून मी ताबडतोब जे करता येण्यासारखं होतं ते केलं: तक्रार क्रमांक मिळवला.

तक्रारीची दखल म्हणून इंजिनिअर ओस्मान हुस्तिनियानो आले. माणूस सान्ता क्रूसच्या गरम सपाटीवरचा. आमच्या उंचीवर बसमधून उतरला आणि तिथेच बसला. दोन्या बासिलियांनी त्याला कोकाचा चहा पाजला, मान खाली घालून चालायला शिकवलं आणि त्याच्यापुढे उकडलेला चुन्यो ठेवला. चुन्यो म्हणजे रात्रीच्या थंडीत गोठवून, तुडवून, वाळवलेला बटाटा. तो त्यानं चावला आणि विचारलं, "हे मोजायला आहे की खायला?"

"खायला, इंजिनिअर. मोजायचं काम तुमच्याकडे," दोन्या बासिलिया म्हणाल्या.

समस्या ऐकून इंजिनिअरसाहेबांनी मान डोलावली. "तुमच्या मुलांचा अर्धा वेळ शांततेत जातो," ते म्हणाले. "यंत्राला शांततेची किंमतच ठाऊक नाही. मी सुधारणा करतो." त्यांनी भिंतीपाशी बसून सुधारणा केली: यापुढे पन्नास गुण आवाजाला, पन्नास गुण शांततेला.

परीक्षा पुन्हा झाली. मुलांनी निम्मा आवाज केला, त्याचे पंचवीस. निम्मा वेळ गप्प राहिली, त्याचे पंचवीस. एकूण पन्नास. त्याच वेळी एक टॅबलेट चुकून रिकाम्या खुर्चीपुढे चालू राहिला होता. खुर्चीनं आवाज अजिबात केला नाही, पण शांतता शंभर टक्के पाळली. तिलाही पन्नास मिळाले. (शेरा: 'गुणवान विद्यार्थी. थोडा अबोल.') एका गुराख्याचं गाढव मात्र सलग ओरडलं, त्याचे आवाजाचे पन्नास पूर्ण. गाढव, खुर्ची आणि माझी मुलगी एका रांगेत आली. मी सेनोबियाला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस. ती म्हणाली, "मला नाही वाटत, बाबा. गाढवाला वाटत असेल."

इंजिनिअरसाहेबांनी ती सुधारणा मागे घेतली आणि ला पासला जाऊन दुसरी धाडली. ही मात्र कौतुकास्पद होती. मंडळानं एक यांत्रिक जोडीदार तयार केला. त्याचं नाव आर्काडिओ. विद्यार्थी आपला निम्मा भाग वाजवी आणि उरलेला निम्मा टॅबलेटमधून आर्काडिओ वाजवी. पडद्यावर त्याचं चित्रही दिसे: लोकरीची टोपी घातलेला, लालबुंद गालांचा, हसरा मुलगा. आर्काडिओ कधी दमत नसे, त्याला सर्दी होत नसे, बटाट्याच्या काढणीला तो शेतावर जात नसे. मुलांना सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव असे गुण पडू लागले. नीएवेस बाईंचं पद वाचलं. मंडळानं आमच्या गावाला 'नाद-ग्राम' हा किताब दिला. मी एक भाषण लिहायला घेतलं.

पण रीत ती रीत. मुलीला जोडीदार मिळाला आणि आपण त्याच्या घरी गेलो नाही, तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. मी सदरा घातला, बायकोनं पावांचं टोपलं भरलं, बिअरची पेटी बांधली आणि मी ला पासची बस पकडली. बसमध्ये पुढच्या बाकावर दोन्या बासिलिया बसल्या होत्या. ठेवणीतली गोल हॅट, चार घागरे, मांडीवर पावांचं टोपलं, पायाशी बिअरची पेटी.

"कुठे निघालात, दोन्या?"

"लिडियाच्या जोडीदाराकडे. तुम्ही?"

"सेनोबियाच्या."

"अरे वा! कुणाचा मुलगा?"

"आर्काडिओ म्हणून आहे."

त्यानंतर ला पास येईपर्यंत दोघांनीही आपापलं टोपलं घट्ट धरून ठेवलं.

मंडळाच्या कचेरीत आम्ही दोघंही एकदमच दारातून आत शिरलो. (दार एकाच माणसाचं होतं.) इंजिनिअरसाहेब टेबलाशी जेवत होते. दोन्या बासिलियांनी टोपलं त्यांच्यापुढे आदळलं.

"आर्काडिओची आई कुठाय?"

"कोण आर्काडिओ?"

"कोण म्हणजे? तुमचा तो लाल गालांचा! आई नाही, तर बाप कुठाय?"

इंजिनिअरसाहेब प्रामाणिक माणूस. म्हणाले, "तसं पाहिलं तर त्याला मीच बनवलं."

"बरं झालं सापडलात. खा."

त्यांनी भीतीपोटी पाव तोडला आणि खाल्ला. मग मी माझा पुढे केला. तोही त्यांनी खाल्ला. आमच्या रीतीप्रमाणे ते त्या क्षणी आम्हा दोघांचे नातेवाईक झाले, आणि त्याच क्षणी दोन घरांना एकच मुलगा देणारे लफंगेही झाले. दोन्या बासिलियांनी त्यांना खोदून विचारलं, तेव्हा कळलं की आर्काडिओ फक्त आमच्या दोन मुलींचाच नव्हता. तो गावातल्या चोवीसही मुलांचा जोडीदार होता, आणि पलीकडच्या गावांतही त्याचं येणंजाणं होतं.

"चोवीस!" दोन्या बासिलिया ओरडल्या. "चोवीस घरं फिरला आणि एकाही घरचा चुन्यो खाल्ला नाही मेल्यानं! आणि तुम्ही बाप म्हणवता?"

"दोन्या, तो माणूस नाहीये..."

"तेच म्हणते मी!"

गावी परतलो तर मामला आणखी वाईट होता. सेनोबिया कबरस्तानाच्या एका टोकाला बसून वाजवत होती, लिडिया दुसऱ्या टोकाला. दोघींच्या मांडीवर तोच हसरा चेहरा. दोघी बोलत नव्हत्या, कारण बोलायचं काही उरलंच नव्हतं. सूर परस्पर मिळत होते. मी मुलीजवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, "बाबा, हा कधीच चुकत नाही. मी चुकले तरी थांबत नाही, तसाच पुढे जातो. लिडिया थांबायची. वर हसायची, मेली." मी उठलो आणि चिटणीस या नात्यानं गावसभा बोलावली.

गावसभा बसली. आर्काडिओला समज देण्यात आली, त्याला गावबंदी करण्यात आली आणि ठराव त्याच्या बापाला कळवण्यात आला. नीएवेस बाई सभेत एवढंच म्हणाल्या, "यंत्राला एकच विद्यार्थी हवाय ना? मग देऊ या एकच. जोडी म्हणजे एक विद्यार्थी. मी तर पहिल्यापासून तसंच शिकवते."

हे मला सुचायला हवं होतं. मी दोन-दोन मुलांची नावं एकत्र करून नव्यानं नोंदवली: 'सेनोबियालिडिया चोके पाकोसिल्यो, वय एकोणीस (साडेनऊ अधिक साडेनऊ), डोळे चार.' यंत्रानं कसलीही हरकत घेतली नाही. परीक्षेला पोरी भिंतीपाशी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. मधेच लिडिया चुकली, सेनोबिया थांबली, दोघी खिदळल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. नव्व्याण्णव गुण मिळाले. (एक गुण खिदळण्याचा कापला.) सगळा वर्ग उत्तीर्ण. पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या नाचायला उठल्या, पण त्याची नोंद करायला आता रकाना नाही.

मंडळाचं अभिनंदनपत्र आठवड्यात आलं. निकाल शंभर टक्के. मात्र, पुढे लिहिलं होतं, पटावर बाराच विद्यार्थी दिसतात. संगीतशिक्षकाच्या पदाला किमान वीस लागतात. सबब पद बंद करून श्रीमती तार्की यांना बेनीला हलवण्यात येत आहे.

मी पत्र वाचून दाखवलं. नीएवेस बाई खाली बसल्या. दोन्या बासिलिया मात्र उठल्या.

"आठ कमी पडतात? म्हणजे सोळा तोंडं. त्यात काय! आणा सोळा तोंडं."

आणि खरोखर गाव वर्गात येऊन बसलं. वयाची अट मंडळानं घातली नव्हती. त्यांना वाटलं असेल, मोठी माणसं कशाला शिकतील. दोन्या बासिलियांनी आपल्या सासूशी जोडी जमवली. (गेल्या कित्येक वर्षांत त्या दोघी आळीपाळीनं बोललेल्या नव्हत्या, एकदमच बोलत. बाईंना त्यांच्यावर फार मेहनत घ्यावी लागली.) माजी महापौरांना अर्का दिला, म्हणजे दुसऱ्यानं सुरुवात केल्याशिवाय त्यांना तोंड उघडता येईना. न्हाव्याशी खाटीक, बसच्या ड्रायव्हरशी कंडक्टर, आणि मी माझ्या बायकोशी. आमची जोडी एका गुणानं पास झाली. अशा सात जोड्या झाल्या. बारा आणि सात एकोणीस.

विसावी जोडी अडली. बाकीचं गाव कपडे शिवायच्या कामाला परदेशी, साओ पाउलोला गेलेलं. शेवटी इंजिनिअर हुस्तिनियानो स्वतःच रजा काढून आले. म्हणाले, "तुमचा पाव खाल्लाय मी. नातं आहे." त्यांनी इरा घेतला, ओठ फुटेस्तोवर घोटला आणि आपला निम्मा भाग बिनचूक बसवला. नीएवेस बाईंनी त्यांना शाबासकी दिली तेव्हा तो माणूस, भर उन्हात, पोरासारखा लाजला. पण त्यांना अर्का मिळेना. आर्काडिओच्या बापाशी सोयरीक करायला गावात एकही घर तयार नाही, आणि एका माणसाला दोन जोड्या आता चालत नाहीत. बाहेरचंच कुणीतरी हवं. नुसतं नाव घालूनही भागत नाही. जोडी उत्तीर्ण झाली तरच ती पटावर धरतात.

तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही, की मी तुमचं नाव घातलं आहे.

रागावू नका. तुम्ही चांगले वाटलात. केव्हापासून एका जागी बसून आहात, खुर्चीसारखे. शिवाय 'आर्मोनिया' हल्ली कुणाच्याही फोनमधून ऐकतं, तुमचा जवळच असेल. तुमची परीक्षा हे वाचायला घेतलंत तेव्हाच सुरू झाली. इंजिनिअरसाहेबांनी भिंतीपाशी बसून आपले सगळे सूर वाजवले, प्रत्येक सुरानंतर थांबून तुमची वाट पाहिली. तुम्ही काही वाजवलं नाहीत. आमची गंमत बघत, गालातल्या गालात हसत बसलात. निकाल आत्ताच माझ्या हातात आला: तुमच्या जोडीला पन्नास.

एक गुण हवाय. नीएवेस बाई माझ्याशेजारी उभ्या आहेत, आणि बेनीची बस चौकात आली आहे. फुंका.